मॉनिटरवर टीव्ही दिसतो, पण आवाज येत नाही: कुठे तपासायचं, काय जोडायचं

सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल संगणकाच्या मॉनिटरला लावली, चित्र स्वच्छ आलं, पण आवाजाचा पत्ता नाही. अशा वेळी पहिला संशय केबलवर जातो आणि दुकानातून दुसरी, जास्त महाग केबल घरी येते. हा खर्च करू नका. एचडीएमआयमध्ये आवाजासाठी वेगळी तार नसते. चित्राच्या दोन ओळींमध्ये आणि दोन फ्रेममध्ये जो मोकळा वेळ असतो, त्यात आवाजाची माहिती भरून त्याच तारांवरून पाठवली जाते. केबल बिघडली तर चित्रावर ठिपके उमटतील, चित्र मधेच जाईल. स्वच्छ चित्र आणि पूर्ण शांतता हे केबल खराब झाल्याचं लक्षण नव्हे.

कारणं मुळात दोनच. एक तर आवाज मॉनिटरपर्यंत पोचतोय, पण तो वाजवायला तिथे स्पीकर नाही. नाहीतर बॉक्सने मॉनिटरला कळेल असा आवाज पाठवलेलाच नाही. यातलं आपलं कोणतं हे आधी ठरवायचं आणि मगच खरेदीला जायचं.

आधी मॉनिटरची मागची बाजू वाचा

निळं, १५ पिनांचं व्हीजीए पोर्ट फक्त चित्र घेतं. पांढरं, रुंद डीव्हीआय पोर्टही मूळ रचनेनुसार चित्रापुरतंच आहे. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट यांतून आवाज आत येऊ शकतो, पण तो बाहेर काढायची सोय मॉनिटरला असेलच असं नाही.

आता ३.५ मिमीचा गोल जॅक शोधा. त्यावर हेडफोनचं चित्र किंवा ‘ऑडिओ आउट’ असेल तर तो आवाज बाहेर देतो. ‘ऑडिओ इन’ किंवा ‘पीसी ऑडिओ’ लिहिलं असेल तर तो आवाज आत घेतो, आणि इथेच बरेच जण फसतात. हा जॅक व्हीजीएच्या काळातला आहे. चित्र व्हीजीएने यायचं, आवाज संगणकाच्या हिरव्या जॅकमधून वेगळ्या वायरने इथे आणायचा आणि मॉनिटरचे आतले स्पीकर तो वाजवायचे. त्यात स्पीकरची पिन घातली तर काहीही वाजणार नाही. मात्र ज्या मॉनिटरला हा जॅक आहे त्याला बहुधा आत स्पीकर असतात. म्हणजे बॉक्सच्या मागचा आवाज या जॅकला दिला तर वेगळा स्पीकर घ्यावाच लागत नाही. जुन्या मॉनिटरची ही मोठी सोय आहे, ती वाया घालवू नका.

खालच्या कडेला बारीक जाळी आहे म्हणून स्पीकर आहे असं समजू नका, ती उष्णता बाहेर जाण्यासाठीही असते. मेनूत व्हॉल्यूमची पट्टी दिसली यावरूनही काही ठरत नाही, कारण नुसता हेडफोन जॅक असलेल्या मॉनिटरलाही ती असते. खात्री करायची असेल तर मागच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक कंपनीच्या साइटवर शोधा आणि तपशिलात ‘बिल्ट-इन स्पीकर’पुढे काय लिहिलंय ते पाहा.

इअरफोनची चाचणी

मॉनिटरला हेडफोन जॅक असेल तर एक पैसाही खर्च न करता निदान होतं. मोबाइलचे वायरवाले इअरफोन त्यात शेवटपर्यंत घाला. अर्धवट बसलेली पिन हे न येणाऱ्या आवाजाचं खरंखुरं आणि नेहमीचं कारण आहे. मग मॉनिटरच्या बटणांनी मेनू उघडा. म्यूट काढा, व्हॉल्यूम ७० च्या पुढे न्या आणि ‘ऑडिओ सोर्स’ किंवा ‘ऑडिओ इनपुट’ असा पर्याय असेल तर तिथे एचडीएमआय निवडा. हा पर्याय ‘ऑडिओ इन’वर राहून गेला असेल तर एचडीएमआयचा आवाज दाबला जातो. इअरफोन कानात घालायच्या आधी हे सगळं करा, कारण आवाज एकदम मोठ्याने सुरू होऊ शकतो.

इअरफोनमध्ये आवाज आला तर फक्त स्पीकर घ्यायचे राहिले. ते स्वतःची वीज घेणारे हवेत, यूएसबीवर चालणारे किंवा प्लगवाले. हेडफोन जॅकमधून काही मिलिवॉटच ताकद मिळते. जुन्या म्युझिक सिस्टिमचे दोन तारांचे, ४ किंवा ८ ओहमचे डबे थेट जोडले तर कान लावून ऐकावं लागेल, त्यांना मधे अ‍ॅम्प्लिफायर लागतो. मॉनिटरचा व्हॉल्यूम ८० च्या आसपास ठेवून द्या. रोजचा कमी-जास्त आवाज बॉक्सच्या रिमोटने किंवा स्पीकरच्या बटणाने करा, कारण मॉनिटरच्या मेनूत जाऊन आवाज बदलणं दोन दिवसांत नकोसं होतं.

इअरफोनमध्येही काही ऐकू आलं नाही तर बॉक्सची सेटिंग बघायची.

एसडीला आवाज आहे, एचडीला नाही

जुन्या मालिकांचं एसडी चॅनेल बोलतं आणि क्रिकेटचं एचडी चॅनेल लावलं की शांतता, असं होत असेल तर उत्तर जवळजवळ नक्की आहे. बऱ्याच एचडी चॅनेलांचा आवाज डॉल्बीत, म्हणजे दाबून भरलेल्या डिजिटल रूपात येतो. बॉक्सला तो न उलगडता तसाच पुढे पाठवायला सांगितलेलं असेल तर टीव्ही तो उलगडतो, संगणकाचा मॉनिटर नाही. मॉनिटरला डावा-उजवा असा साधा, आधीच उलगडलेला स्टिरिओ आवाज लागतो, त्याला पीसीएम म्हणतात.

रिमोटवरच्या मेनू किंवा होम बटणाने सेटिंग्जमध्ये जा आणि ऑडिओ किंवा साउंडचा भाग उघडा. नावं कंपनीगणिक वेगळी असतात, पण तिथे ‘डॉल्बी’, ‘सराउंड’, ‘पासथ्रू’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ यांपैकी काही निवडलेलं असेल तर ते बदलून ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ करा. ‘ऑटो’ असेल तरी बदला. ‘ऑटो’मध्ये बॉक्स मॉनिटरने दिलेल्या माहितीवर विसंबतो आणि ती माहिती नेहमी बरोबर असतेच असं नाही. बदल सेव्ह करा. मग बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि चालू करा. रिमोटच्या लाल बटणाने बॉक्स फक्त झोपतो. एचडीएमआयची दोन टोकांमधली ओळख नव्याने व्हायची तर वीज तोडलेली बरी.

ही सेटिंग कायमची राहील असं धरून चालू नका. सॉफ्टवेअर अपडेट झालं किंवा फॅक्टरी रीसेट केलं की ती मूळ जागी जाऊ शकते. महिनोन्महिने नीट चाललेला आवाज एका सकाळी गेला तर पहिली तपासणी इथेच.

सगळीकडे आवाज आहे आणि एकाच चॅनेलवर नाही, तर रिमोटवरचं भाषेचं किंवा ऑडिओचं बटण दाबा. अनेक भाषांत दिसणाऱ्या चॅनेलांवर निवडलेल्या भाषेचा ट्रॅक त्या कार्यक्रमापुरता रिकामा असू शकतो. दुसरी भाषा निवडली की बोलणं सुरू होतं.

मॉनिटरला जॅकच नाही: आवाज बॉक्सच्या मागून घ्या

आमच्या मते हा सगळ्यांत चांगला मार्ग आहे, आणि स्वस्तही. एचडीएमआयने चित्र मॉनिटरला जाऊ द्यायचं आणि आवाज बॉक्सच्या एव्ही आउटमधून थेट स्पीकरला न्यायचा. बहुतेक बॉक्स दोन्हीकडे एकाच वेळी आवाज देतात. एव्ही आउट अ‍ॅनालॉग असल्यामुळे डॉल्बी बॉक्सने आतच उलगडलेला असतो, म्हणजे वरची भानगड इथे सहसा उद्भवत नाही. मॉनिटर चित्र दाखवायला फारसा वेळ लावत नाही, त्यामुळे ओठ आणि शब्दही जुळतात.

बॉक्सच्या मागे पिवळा, पांढरा आणि लाल असे तीन गोल सॉकेट (यांना आरसीए म्हणतात) असतील तर पिवळा सोडून द्या, तो चित्राचा आहे. पांढरा म्हणजे डावा आणि लाल म्हणजे उजवा. संगणकाच्या स्पीकरला ३.५ मिमीची मेल पिन असते. म्हणून मागायची वस्तू अशी: एका टोकाला दोन आरसीए मेल, दुसऱ्या टोकाला ३.५ मिमी फीमेल. दोन्ही टोकांना मेल असलेली केबल दुकानात जास्त सहज मिळते, पण ती स्पीकरच्या पिनेला जोडताच येत नाही. मॉनिटरच्या ‘ऑडिओ इन’ला आवाज द्यायचा असेल तर मात्र तीच दोन्हीकडे मेलवाली केबल हवी.

लहान आकाराच्या बॉक्सांना तीन सॉकेटऐवजी ‘एव्ही’ लिहिलेलं एकच ३.५ मिमी भोक असतं. त्यात चार भागांची, म्हणजे तीन आडव्या काळ्या रेघांची पिन जाते: डावा, उजवा, ग्राउंड आणि चित्र. अडचण अशी की या चार भागांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा एक नाही. बॉक्ससोबत आलेली तीन रंगांची केबल असेल तर तीच वापरा. तिची टोकं आरसीए मेल असतात, म्हणून पुढे दोन आरसीए फीमेल ते ३.५ मिमी फीमेल असा जोड लागतो.

दुसऱ्या कंपनीची केबल वापरली आणि एका स्पीकरमधून जोरदार भुणभुण आली, तर त्या रंगावर चित्राचा सिग्नल आलाय. लाल काढून त्या जागी पिवळा लावा, नाही जमलं तर पांढरा काढून पिवळा लावा. रंगांच्या नावांकडे न बघता ज्या दोन टोकांवर स्वच्छ आवाज येतो ती दोन धरा. सगळ्या जोड्या लावूनही भुणभुण राहिली किंवा आवाज फिका, पोकळ येत असेल, तर ग्राउंडच भलत्या जागी आहे. तिथे रंगांची अदलाबदल कामाची नाही, केबलच बदलावी लागते. स्पीकरची साधी तीन भागांची पिन थेट एव्ही भोकात घालून काही बॉक्सांवर आवाज येतो, पण त्यात चित्राची तार ग्राउंडला टेकते. कायमची जोडणी म्हणून ते करू नका.

एकाच बाजूने आवाज येत असेल तर लाल आणि पांढऱ्याची अदलाबदल करा. मुकी बाजू बदलली तर दोष त्या जोडाच्या बॉक्सकडच्या बाजूला. तीच बाजू मुकी राहिली तर दोष त्या जोडाच्या पुढे, म्हणजे पुढच्या केबलमध्ये, स्पीकरमध्ये किंवा त्याच्या पिनेत.

बॉक्सला फक्त एचडीएमआय आहे: एक्स्ट्रॅक्टर

एव्ही आउट नाही, मॉनिटरला जॅक नाही, किंवा मॉनिटर डीव्हीआयवाला आहे, तर मधे एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर लागतो. ही तळहाताएवढी डबी असते. एका बाजूने एचडीएमआय आत, दुसऱ्या बाजूने एचडीएमआय बाहेर, शिवाय ३.५ मिमी जॅक आणि बहुधा ऑप्टिकल आउट, म्हणजे प्रकाशाच्या तारेने डिजिटल आवाज देणारं पोर्ट. बॉक्सची केबल ‘इन’ला, मॉनिटरची ‘आउट’ला, स्पीकर ३.५ मिमीला. उलट जोडलं तर चित्रही येत नाही.

डबी लावली तरी आवाज येत नाही, अशी तक्रार सर्रास येते, आणि तिचं मूळ डबीवरच्या छोट्या सरकत्या स्विचमध्ये असतं. त्यावर ‘पास’, ‘२सीएच’ आणि ‘५.१’ अशी किंवा त्यांच्याशी मिळतीजुळती नावं असतात. बॉक्स चालू होताना समोरच्या पडद्याची माहिती वाचतो. त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात. मॉनिटरने तिथे आवाज घेता येतो असं नोंदवलं नसेल, तर बॉक्स नुसतं चित्र पाठवतो आणि आवाज केबलमध्ये शिरतच नाही. स्विच ‘पास’वर असेल तर डबी मॉनिटरची माहिती जशीच्या तशी बॉक्सला दाखवते, मग डबीला काढायला आवाजच मिळत नाही. स्विच ‘२सीएच’वर आणला की डबी स्वतःची माहिती पुढे करते, स्टिरिओ पीसीएम चालेल असं सांगते, आणि बॉक्स आवाज पाठवू लागतो. स्विच सरकवल्यावर डबी आणि बॉक्स दोन्हींची वीज काढून पुन्हा लावा. आधी मॉनिटर, मग डबी, शेवटी बॉक्स.

‘५.१’ची जागा फक्त ऑप्टिकलने होम थिएटर जोडणाऱ्यांसाठी आहे. साध्या डबीचा ३.५ मिमी जॅक डॉल्बी उलगडत नाही, म्हणून तिथे स्पीकर लावायचे असतील तर बॉक्सची सेटिंगही पीसीएमच ठेवा.

डबीला वीज द्या. एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनेवर ५५ मिलिअँपिअर एवढीच खात्रीची वीज असते आणि ती डबीला पुरेलच असं नाही. मग आवाज तुटक येतो, किंवा पाच-दहा मिनिटांनी चित्रासकट जातो. मोबाइलचा साधा ५ व्होल्टचा चार्जर पुरतो.

व्हीजीए, डीव्हीआय आणि जुने ट्यूनर बॉक्स

फक्त व्हीजीए असलेल्या मॉनिटरला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. घेताना ३.५ मिमी जॅक असलेलाच घ्या, आवाज तिथून मिळतो. एक धोका आधीच ओळखून ठेवा. संरक्षित कार्यक्रमांसाठी बॉक्स समोरच्या उपकरणाकडे एचडीसीपी, म्हणजे नक्कल रोखणारी ओळख मागतो. जुने डीव्हीआय मॉनिटर आणि काही कन्व्हर्टर ते देऊ शकत नाहीत, मग पडदा काळा होतो किंवा त्यावर सूचना येते. ते सेटिंग बदलून सुटत नाही. अशा वेळी बॉक्सचं पिवळं एव्ही आउट आणि एव्ही ते व्हीजीए कन्व्हर्टर एवढाच मार्ग उरतो. चित्र एसडी दर्जाचं मिळेल, आवाज लाल-पांढऱ्यातून थेट स्पीकरला.

व्हीजीए मॉनिटरसाठी मिळणारे जुने टीव्ही ट्यूनर बॉक्स अजून कित्येक घरांत आहेत. मुंबईत २०१२ च्या अखेरीस केबल डिजिटल झाली आणि नंतर इतर शहरांतही, त्यामुळे केबलची तार त्यांच्या अँटेनाच्या सॉकेटला थेट लावून आता उपयोग नाही. सेट टॉप बॉक्सच्या तिन्ही तारा त्यांच्या एव्ही इनला द्या आणि ट्यूनरच्या रिमोटवर सोर्स ‘एव्ही’ करा. त्यांना सारखे दिसणारे दोन ३.५ मिमी जॅक असतात. ‘पीसी ऑडिओ इन’ संगणकासाठी, ‘ऑडिओ आउट’ स्पीकरसाठी. स्पीकर चुकीच्या जॅकमध्ये असणं हा तिथला नेहमीचा घोळ.

स्टिक, ब्लूटूथ आणि साउंडबार

फायर टीव्ही स्टिकला एव्ही आउट नसतं, पण ब्लूटूथ असतं. स्पीकर पेअरिंगला लावा आणि स्टिकच्या सेटिंग्जमधल्या ब्लूटूथ उपकरणांच्या भागात तो जोडा. मॉनिटरच्या जॅकमधून ऐकायचं असेल तर डिस्प्ले आणि साउंडच्या भागात सराउंड साउंडचा पर्याय पीसीएमवर ठेवा. एका अ‍ॅपमध्ये आवाज आहे आणि दुसऱ्यात नाही, याचं कारणही बहुधा हेच.

ब्लूटूथ स्पीकरवर आवाज साधारण ०.१५ ते ०.२५ सेकंद उशिरा पोचतो. स्टिकला हा उशीर माहीत असतो आणि ती चित्र तेवढं थांबवून जुळवून घेऊ शकते. डिशच्या बॉक्सला एव्ही आउटमधून वेगळा ब्लूटूथ ट्रान्समीटर लावला तर बॉक्सला काही कळत नाही, आणि ओठ आधी हलतात. बॉक्सच्या मेनूतला ‘ऑडिओ डिले’ इथे वापरू नका, तो आवाजाला आणखी मागे ढकलतो. अशा जोडणीत वायरच बरी.

साउंडबार घेताना ‘एचडीएमआय आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. फक्त एआरसीचं (टीव्हीकडून आवाज उलट घेण्याच्या सोयीचं) एकच पोर्ट असेल तर त्याला आवाज परत पाठवणारा टीव्ही लागतो, आणि संगणकाच्या मॉनिटरला सहसा एआरसी नसतं. वेगळं ‘एचडीएमआय इन’ असलेला साउंडबार हवा: बॉक्स त्या ‘इन’ला, साउंडबारचं ‘आउट’ मॉनिटरला. नाहीतर बॉक्सच्या किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या ऑप्टिकलने जोडा.

लॅपटॉपवरून बघत असाल तर

विंडोज १० किंवा ११ मध्ये एचडीएमआय लावली की आवाज बऱ्याचदा आपोआप मॉनिटरच्या नावावर जातो, तिथे स्पीकर असो वा नसो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड उघडा आणि आउटपुटला लॅपटॉपचे किंवा जॅकला लावलेले स्पीकर निवडा. मॉनिटर झोपून उठला की निवड पुन्हा बदलत असेल तर त्याच पानावर मॉनिटरचं ऑडिओ उपकरण उघडून त्याला ऑडिओसाठी मनाई करा. मग विंडोजला ते निवडताच येत नाही.

आवाज आला, पण मागे घूं चालू आहे

हा ५० हर्ट्झचा घुमारा विजेच्या लाइनचा असतो. केबल टीव्हीच्या तारेचं ग्राउंड आणि घरातल्या बोर्डाचं अर्थिंग यांत फरक असला की तो फरक आवाजाच्या तारेतून वाहतो. केबलची गोल तार बॉक्समधून क्षणभर काढून बघा. घूं थांबलं तर निदान पक्कं. मॉनिटर, बॉक्स आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. तेवढ्याने भागलं नाही तर स्पीकरच्या तारेत ३.५ मिमीचा ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमुळे आवाज जातो आणि ग्राउंडचा थेट जोड तुटतो. घूं घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची जाड अर्थिंग पिन काढू किंवा कापू नका. उपकरणात बिघाड झाला तर धातूच्या भागावर येणारा करंट जमिनीत नेणारी वाट तीच आहे. बॉक्सच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर स्पीकर बाजूला ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियनकडून बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या.